यंत्राचे चित्र आणि हंड्यावरची नावे

एआयमुळे सगळ्यांना समान संधी मिळाली, असे डिझाइन शिकवणारे काही प्राध्यापक सांगतात. चित्रकलेचा क्लास परवडला नाही, इंग्रजी कच्चे आहे, तरी चार ओळी टाइप केल्या की पोस्टर तयार. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रवेशपरीक्षेच्या क्लासची फी ऐकूनच आपली कितीतरी मुले मागे फिरतात.

पण ही यंत्रे शिकतात कशावरून? आधीच्या कोट्यवधी चित्रांवरून. ज्यांची चित्रे जास्त, त्यांचीच नजर पुढे येते. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत एका मुलीने 'भारतीय लग्न' मागितले, तर होमकुंड आणि पुरोहित आले. बौद्ध लग्न असे स्पष्ट लिहिल्यावर भंतेजी आले, तेही थायलंडचे वाटावेत असे!

'भीमायन' आठवा. बाबासाहेबांचे हे चित्रमय चरित्र 2011 साली नवयानने काढले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी माणसांना कॉमिकच्या चौकटीत कोंडायला नकार दिला. जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी दिली, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार दिला. जगातल्या बहुतेक कॉमिकमध्ये चौकोन आणि लंबगोल फुगेच असतात. सरासरी काढणाऱ्या यंत्राने तेच दिले असते. (आता मात्र 'गोंड शैलीत' म्हटले की नक्कल फुकटात मिळते, आणि गोंड कलावंताच्या हातात दमडी पडत नाही.)

तर मग बंदी घालावी का? आमचा तिला विरोध आहे, कारण बंदी आली की पहिला संशय कोणावर जाणार हे आपल्याला ठाऊक आहे. एका महाविद्यालयात आमच्या एका विद्यार्थ्याने देवनागरी अक्षरांचा संच केला. नळावर रांगेत लागणाऱ्या हंड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावे असतात ना, त्या टिंबांवरून. सरांनी सगळ्यांसमोर विचारले, 'हे एआयने केले का?' शेजारच्या मुलाने यंत्राचेच चित्र लावले होते, त्याला कोणी काही विचारले नाही. पूर्वी आपल्या मुलाच्या चांगल्या कामामागे आरक्षण शोधत, आता एआय शोधतात. बत्तीस हंड्यांची नावे त्याच्या वहीत उतरवलेली होती. वही बघायला कोणी मागितली नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गुण देताना प्रत्येकाची कच्ची वही तपासा, फक्त आमच्या मुलांची नको. काम कुठून सुचले हे त्याला मराठीत सांगू द्या. यंत्र वापरायचे तर खुशाल वापरा, पण स्वतः पाहून काढलेली पाने आधी दाखवा. अभ्यासिकेत आम्ही यंदापासून प्रत्येकाला तारीख घालून वही ठेवायला लावली आहे.