दाखल्याची तारीख

आजही कचेरीतून पुढची तारीख घेऊन परतलो. तीन तास रांगेत बाळ माझ्या छत्रीची पितळी कडी बोटाने फिरवीत आपल्याच विश्वात निमग्न उभा होता, आणि ‘अजून बोलत नाही का?’ या पृच्छेला उत्तर देण्याचे त्राण त्याच्या आईत उरले नव्हते. बाळाला असलेल्या, मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरने १९४३ साली वर्णिलेल्या स्वमग्नतेचा १९९५च्या अपंग कायद्यात नामोल्लेखही नव्हता. तो २०१६च्या कायद्याने केला, हे खरेच मोठे काम झाले. परंतु सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि आपल्या लेकराचे न्यून अधिक भरावे अशी इच्छा धरताना जीव तुटतो. रात्री त्याने माझे बोट धरून त्या कडीवर टेकवले. कडी थंडगार होती.