डुकराचे चॉप्स आणि आमच्या घरातली उतरंड



मार्च 2015 मध्ये गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, तेव्हा आम्ही हिंगोलीच्या चौकात उभं राहून बोललो होतो. कोणी काय खावं हे सरकारने ठरवू नये, हे आमचं म्हणणं होतं आणि आजही आहे. पुढे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यात कापलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. आम्हाला आनंद झाला. पण आपल्या चुलीवर लिहिलेली कलमं कोणतं न्यायालय रद्द करणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मातंग मित्राने किलोभर डुकराचं मटण आणलं. बरगडीचे, हाडासकट कापलेले जाड चॉप्स. पिशवी पाहताच माय म्हणाली, "हे आपल्यात चालत नाही बापा. त्यांच्यात खातात." मित्र दारातच उभा होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती सवय त्याला कोणी लावली, हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

'आपल्यात' आणि 'त्यांच्यात'. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी मिळतं, म्हणून उतरंड टिकते. मोठ्याचं मटण खातो म्हणून गावाने आमच्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं. आज्याने डुक्कर खाणाऱ्याला स्वतःच्या चुलीबाहेर ठेवलं.

काही जण म्हणतील, 1927 ला महाडमध्ये बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं. सांगितलं होतं ते मेलेल्या जनावराचं मांस, कारण ती गुलामीची मजुरी होती. स्वतःच्या पैशाने आणलेलं ताजं मटण ही वेगळी गोष्ट आहे. काही जण धम्माचं नाव घेतील. विनयात भिक्खूला मांस सरसकट वर्ज्य नाही. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला, तर ते घ्यायचं नाही. सर्व भिक्खूंवर मांसबंदी घालण्याची देवदत्ताची मागणी बुद्धांनी नाकारली होती. चुंद लोहाराने बुद्धांना वाढलेलं 'सूकरमद्दव' डुकराचं मांस होतं की अळंबी, हा वाद चालू राहो. चुंदाला कोणी दोष देऊ नये, हा बुद्धांचा निरोप मात्र स्पष्ट आहे.

"डुक्कर घाण खातं" हा शेवटचा मुद्दा. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात. उघड्यावरच्या विष्ठेतून ती डुकराच्या पोटात जातात. म्हणजे घाण मुळात माणसाची आहे. संडास आणि गटार ज्या वस्तीपर्यंत पोहोचलं नाही, त्या वस्तीलाच घाणेरडं म्हणायचं, हा जुनाच कावा आहे. उपाय साधा आहे: बांधून, खाऊ घालून पाळलेल्या डुकराचं मटण घ्या आणि पूर्ण शिजवा.

मित्राच्या आईने, म्हणजे मावशीने, फोनवर सांगितलेली रीत अशी. किलोभर चॉप्स धुऊन त्यांना वसमतची हळद, मीठ, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण आणि एका लिंबाचा रस चोळा. तासभर ठेवा. लोखंडी कढई तापवा. तेल घालू नका. चॉप्सची चरबीची कड आधी खाली टेकवा, तिचंच तेल सुटतं. दोन्ही बाजू तांबूस भाजून बाजूला काढा. त्याच चरबीत तीन कांदे परता, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, दोन चमचे काळा मसाला आणि चवीपुरतं तिखट घाला. चॉप्स परत टाका, अर्धा ग्लास पाणी ओता, झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास शिजवा. मांस हाडापासून सुटलं पाहिजे; आत गुलाबी राहता कामा नये.

घाई असेल तर कुकरमध्ये थोडं पाणी घालून हळद-मिठासोबत चार शिट्ट्या काढा, मग तव्यावर मिरपूड टाकून परता. लेकरांना हेच आवडतं. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू.

त्या रात्री सगळे एका सतरंजीवर बसलो. मायने चॉप्स खाल्ले नाहीत. आम्ही आग्रह केला नाही. बळजबरीने खाऊ घालणं हीसुद्धा बंदीचीच दुसरी बाजू. पण मित्राच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं ते तिनेच, आणि म्हणाली, "पुढच्या बारीला मायला घेऊन ये रे."

एका जेवणाने जात मोडली, असा आमचा दावा नाही. सहभोजन पुरेसं नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सांगून ठेवलंय. आंतरजातीय विवाह आणि शास्त्रांच्या पावित्र्याचा अंत, इथपर्यंत जायचं आहे. पण जिथे ताटसुद्धा वेगळं आहे, तिथे सोयरीक कुठून होणार?

अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपण 1 ऑगस्टला ते व्यासपीठावरून सांगतो आणि टाळ्या घेतो. पुढच्या 1 ऑगस्टला माईक हातात घेण्याआधी प्रत्येकाने एवढंच आठवावं: मातंग वस्तीतल्या चुलीवरचं आपण शेवटचं कधी जेवलो?

जयभीम!