वर येण्याची तयारी

आमच्या जिल्ह्यांतलं पाणी पूर्वेचं. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटतात, दोघींची मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याशी गोदावरीला मिळते आणि सगळा लोंढा बंगालच्या उपसागराकडे निघून जातो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांनी अरबी समुद्र पाहिलेला नाही. मी मात्र निघाले आहे मालवणला, नेमकी त्यांच्या उलट्या दिशेला, रस्त्यानं हजारभर किलोमीटर. सोबत वडशाची माझी भाची. तिला स्कुबा डायव्हिंग रीतसर शिकायचं आहे. मला, पन्नाशी ओलांडल्यावर, एकदा तरी मासा त्याच्या घरात पाहायचा आहे.

पाणी आम्हाला परकं नाही. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, आणि शेताशेतातल्या बोड्या, यांच्या काठानंच इथली गावं वाढली. ढिवरांची पोरं चालायला लागली की पोहायलाही लागतात. शिंगाड्याच्या वेलींतून वाट कशी काढायची, हे त्यांना कुणी शिकवत नाही. पण आमचं पाणी वरून पाहायचं. हात कोपरापर्यंत बुडवला की बोटं दिसेनाशी होतात. ताडोब्याचं तळं सुंदर, पण त्यात मगरी राहतात. ते जिप्सीत बसूनच पाहावं. म्हणून पाण्याच्या आत डोळे उघडे ठेवून, श्वास घेत थांबता येतं, हे कळलं तेव्हापासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

सिंधुदुर्गात मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद असतात. पाऊस सरला तरी नद्यांनी आणलेला गाळ बसायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी बरंच निवळतं, तेव्हा महिना लगेच ठरला. मी कॅलेंडर घेऊन जायची तारीख शोधू लागले, तर भाची म्हणाली, “मावशी, आधी यायची तारीख पाहू. तिथून मागं मोजत जाऊ.”

त्याचं कारण नायट्रोजन. आपण घेतो त्या हवेत तो ७८ टक्के असतो. एरवी जसा आत जातो तसाच बाहेर येतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. माणूस सावकाश वर आला तर तोही सावकाश निघून जातो. झपकन वर आला तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, आणि ते सांधे आखडवू शकतात, मज्जारज्जूला इजा करू शकतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं वर यायचं नाही, वाटेत ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. पाण्याबाहेर आल्यावरही हिशेब संपत नाही, कारण उंचावर हवेचा दाब आणखी उतरतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेचा सल्ला असा, की एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच डोंगरालाही तोच नियम.

आता कोकणातून विदर्भात परतायचं तर घाट चुकत नाही. आंबोली ७०० मीटरच्या घरात. कुडाळला नागपूरची गाडी धरली तर कसारा घाट चढून इगतपुरी, तीही ६०० मीटरच्या आसपास. म्हणून शेवटच्या बुडीनंतरचा एक अख्खा दिवस मालवणातच काढायचा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहू, संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहू. सगळ्या बेतात मला हा मोकळा दिवस सर्वांत आवडतो. तो कागदावर पहिल्यांदा लिहिला गेला आणि बाकीचे दिवस त्याच्या मागं रांगेत येऊन बसले.

सिलिंडर म्हटलं की इथं सगळ्यांना ऑक्सिजनच आठवतो. खरं तर त्यात साधी हवा असते, गाळलेली, कोरडी, दाबून भरलेली. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर लागतात असं धरलं, तर ती जमिनीवर दोन तास पुरेल, १० मीटर खाली तासभर, २० मीटरवर ४० मिनिटं. भीतीनं धापा टाकल्या तर त्याहूनही कमी. आणि शेवटपर्यंत संपवायची नाही. साधारण ५० बार शिल्लक असतानाच बोटीवर परतायचं. चंद्रपूरच्या माणसाला हवेचा विचार नवा नाही. औष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी आणि कारखाने यांमुळं २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं आमचं शहर अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातलं होतं. तरी घोटाघोटानं मोजून हवा वापरायची, हे मी कधी केलेलं नाही. आता रोज पहाटे गच्चीवर बसून लांब श्वास सोडायला शिकते आहे. घेण्यापेक्षा सोडणं अवघड जातं.

माझे मामा लालपेठच्या भूमिगत खाणीत कामाला होते. उतरण्याआधी दिव्यांच्या खोलीतून आपल्या नंबरचा दिवा घ्यायचा, पाळी सुटून वर आलं की त्याच जागी परत लावायचा. एखादी जागा रिकामी दिसली तर तो माणूस कोण आणि कुठं आहे, हे कळेपर्यंत मामा घरचा रस्ता धरत नसत. मामी जेवण झाकून ठेवायची आणि त्याबद्दल अवाक्षर बोलायची नाही. आमचा बेत ऐकून मामांनी समुद्राबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, “खाली किती गेले ते सारेच सांगतेत. वर किती आले ते कोन मोजते, हे इचार तू.”

त्यांनी नेमकं तेच धरलं. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक अमेरिकन जोडपं पाण्याखाली असताना बोट निघून गेली. मोजणी चुकली होती, आणि दोघं राहिलेत हे लक्षात यायला दोन दिवस लागले. ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. आम्ही मालवणला फोन करू तेव्हा विचारायच्या प्रश्नांत मामांचा प्रश्न सर्वांत वर लिहिला आहे. त्याखाली: एका प्रशिक्षकाबरोबर किती जण? बोटीवर तातडीचा ऑक्सिजन आहे का? हवामान बिघडलं तर बुडी रद्द कोण करतो? भाडं किती, हे बरंच खाली आहे.

शरीराची तयारी डॉक्टरांपासून सुरू होते. दमा, हृदयविकार, कानाची जुनी दुखणी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सगळं फॉर्मवर खरं लिहायचं. आमच्याकडे आणखी एक गोष्ट पाहावीच लागते, ती म्हणजे सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपुरात हा आजार कित्येक घरांत आहे. ऑक्सिजन कमी पडला की यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा आजार असलेल्यासाठी डायव्हिंग धोक्याचं. नुसता वाहक असला तरी त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. भाचीची तपासणी शाळेतच झाली होती, पण मी तिला रिपोर्ट शोधायला लावला.

मग कान. पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्या जागेत दबते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा, तेही दुखायच्या आधीच, दर हातभर उतरल्यावर. दुखलं तर थोडं वर यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी जायचंच नाही, मग गाडीभाडं फुकट गेलं तरी चालेल. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती वर येता येता दुप्पट व्हायला पाहते. माझ्यासारखीनं हौसेची बुडी मारायची तर १२ मीटरच्या खाली नेत नाहीत; भाचीचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा झाला की तिला १८ मीटरपर्यंत जाता येईल.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळाला माणसाचा गुडघा, पायातला पंख किंवा बोट लागलं तरी जखम होते, आणि प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर वाढतो. म्हणून पाण्यात अधांतरी राहता आलं पाहिजे. बुडायचं नाही, वरही उडायचं नाही. भाची जलतरण तलावात जाऊन तेवढंच करते. पोहत नाही, नुसती थांबते.

सिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडकात ज्युरासिक काळातल्या सरोवरातले मासे सापडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच त्यांची शास्त्रीय नोंद झाली. त्यांतला लेपिडोटस जाड, चकचकीत, शंकरपाळ्याच्या आकाराच्या खवल्यांचा. दगडात आडवा पडलेला मासा पाहून मन भरत नाही. तो वळायचा कसा, कल्ले हलवायचा कसा, जवळ कुणी आलं तर थांबायचा की पळायचा? याचं उत्तर मालवणचे मासे देतील असं मी म्हणत नाही, ते वेगळ्या कुळांचे. तरी मला मासा वळताना पाहायचा आहे.

सध्या घरात हातखुणा चालू आहेत, कारण पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. तळवा आडवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय. कानाकडे बोट दाखवलं की सोबतचा तिथंच थांबतो. आणि उभा अंगठा म्हणजे छान नव्हे; त्याचा अर्थ एकच, वर चला, आणि तो एकानं दाखवला की दुसऱ्यानं प्रश्न विचारायचा नाही. परवा आम्ही दोघी जेवताना सराव करत होतो तर मामा पाहत बसले. त्यांनी सगळ्या खुणा एकदा करून पाहिल्या. अंगठ्याची दोनदा केली. मग म्हणाले, “हे चांगलं हाये,” आणि भाचीला परत एकदा करून दाखवायला लावली.