डबीच्या मागचा आकडा

आमच्याकडे अर्धशिशी आईकडून लेकीकडे चालत आलेली. आईचे उपाय ठरलेले: कपाळाला सुंठेचा लेप, नाकात कोमट तुपाचे थेंब आणि सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी. जिलबीने तिचं डोकं थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. आम्हा भावंडांची मात्र चंगळ व्हायची.

मी सोलापूरला शाळेत गणित शिकवते. इथलं एप्रिलचं ऊन, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे, त्यात एखादी संकष्टी आली की डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू. मग उजेड नको, फोडणीचा वास नको; उलटी झाल्याशिवाय सुटका नाही. वेदनाशामक गोळी पर्समध्ये कायमची. मेंदूविकारतज्ज्ञांनी आधी तिलाच लगाम घातला. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, अशा काही महिने चालल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं म्हणे.

शिवाय त्यांनी मॅग्नेशियम लिहून दिलं. “ते पायात गोळे येतात त्यासाठी ना?” मी विचारलं. ते म्हणाले, मेंदूतल्या पेशी सहजी चेतू नयेत, याला त्याची मदत होते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने अर्धशिशी टाळण्यासाठी ते ‘बहुधा परिणामकारक’ ठरवलं होतं. 1996 च्या एका चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे झटके तिसऱ्या महिन्यात 41.6 टक्क्यांनी घटले; नुसती औषधासारखी दिसणारी गोळी घेणाऱ्यांचे 15.8 टक्क्यांनी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं, म्हणून माझा विश्वास बसला.

खरी गंमत औषधाच्या दुकानात. डबीवर ठळक अक्षरांत ‘मॅग्नेशियम सायट्रेट 1000’. चष्मा लावून मागची बारीक ओळ वाचली, तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम 160 मिलिग्रॅम! बाकी सगळा सायट्रेटचा भाग. डॉक्टरांनी सांगितलेला डोस प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा होता. ऑक्साइडच्या गोळीत ते पुष्कळ असतं, जवळजवळ 60 टक्के; पण अंगी कमी लागतं आणि पोट धावतं. माझं सायट्रेटनेही धावलं. मग ग्लायसिनेट घेतलं, रात्री जेवणानंतर. थायरॉइडची गोळी सकाळी असते, आणि या दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं, म्हणूनही रात्रच बरी.

रक्ताचा रिपोर्ट तर नॉर्मल होता. पण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा रक्तद्रवात नसतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून साठा भरपूर, असं गणित मांडता येत नाही.

पहिले दोन महिने काही जाणवलं नाही. डोकं दुखेल त्या दिवशी मी वहीत लाल फुली करत असे; तिसऱ्या महिन्यात त्या फुल्या विरळ झाल्या. तोवर जून आला होता, उन्हं उतरली होती, उपासही मी सोडले होते. सगळं श्रेय गोळीला देणं हिशेबात बसणार नाही. तरी पुढच्या उन्हाळ्यातही फुल्या कमीच राहिल्या. अर्धशिशी गेलेली नाही. येते, पण क्वचित.

तुम्ही घेणार असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर. कारण जास्तीचं मॅग्नेशियम तिथूनच बाहेर पडतं. आणि डबी घेताना मागची बारीक ओळ वाचा.