दुकानचं कॅलेंडर

ते घरी येतं तेव्हा गुंडाळीत येतं. पोटाला रबरबँड, दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी आणि उलगडलं की छपाईच्या शाईचा ताजा वास. खिळ्याला टांगल्यावर दोन दिवस त्याची खालची बाजू वर वळलेली राहते. मग ते हळूहळू सरळ होतं आणि वर्षभर तसंच उभं राहतं, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, देवघराजवळ नाहीतर मीटरच्या पेटीखाली. वारा आला की खालची पट्टी भिंतीला घासते. जुन्या घरांतल्या चुन्याच्या भिंतीवर खिळ्याच्या खाली हातभर अंतरावर एक अर्धगोल ओरखडा हमखास दिसायचा. दर जानेवारीत कॅलेंडर नवं येई, ओरखडा मात्र जुनाच खोल होत जाई.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कऱ्हाडला किराणा मालाचं दुकान होतं. त्यामुळे या कॅलेंडरला मी घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या बाजूनं जास्त ओळखते.

गणपती गेले की एजंट यायचा. त्याच्या काखेत नमुन्यांचा भलामोठा अल्बम असायचा, पानं दोन्ही हातांनी उलटावी लागायची. माल शिवकाशीचा. तमिळनाडूतलं हे गाव फटाके, काडेपेट्या आणि छपाई या तीन धंद्यांवर उभं आहे, आणि देशभरच्या दुकानांची कॅलेंडरं तिथं छापली जातात. चित्र आधीच तयार असतं, खाली एक कोरी पट्टी सोडलेली असते. ती पट्टी म्हणजे दुकानदाराची जागा. नाव, पत्ता, फोन, 'आमच्याकडे सर्व प्रकारचा किराणा माल योग्य दरात मिळेल', बस. बाकी सगळा कागद देवाचा आणि तारखांचा.

चित्र निवडायला अण्णांना दोन-दोन दिवस लागत. हिमशिखरं, गुलाबाच्या बागा, गुटगुटीत बाळं, सगळं बघून ते शेवटी विठ्ठल, गणपती नाहीतर बाळकृष्णावर येऊन थांबत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चित्र असं हवं की डिसेंबर संपला तरी घरच्या बाईला ते टाकवणार नाही. हे शहाणपण त्यांच्या आधीपासूनचं. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या दगडी छपाईतून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती ज्यांच्या घरात कधी चित्र नव्हतं अशांच्या भिंतींवर पोचल्या. मग त्याच देवतांच्या खाली व्यापाऱ्यांची नावं आणि तारखा येऊ लागल्या. गोव्यातल्या अस्नोड्याच्या रघुवीर मुळगावकरांनी (१९१८–१९७६) तर कॅलेंडरच्या चित्रालाच कितीतरी घरांत देव्हाऱ्याचा मान मिळवून दिला. त्यांच्या कृष्णाच्या गालावरची ती मऊ, दुधाळ चमक ज्यांनी लहानपणी पाहिली ते ती विसरत नाहीत. वर्ष संपलं की लोक तारखा कापून चित्र चौकटीत बसवून घेत. दुकानाचं नाव कात्रीखाली जाई, पण 'हा गणपती कुठला?' असं कुणी विचारलं की उत्तरात ते पुन्हा येई.

एका वर्षी छापखान्यात घोटाळा झाला. पाचशे कॅलेंडरांवर दुकानाच्या फोन नंबरातला शेवटचा ७ हा १ छापला गेला. आकडे इंग्रजी. छापखानावाला पैसे कमी करायला तयार होता. अण्णा म्हणाले, "पैसे कमी होतील, नंबर बरोबर होणार नाही. वर्षभर कुणाच्या तरी घरी नाहक घंटी वाजेल." मग तीन रात्री आम्ही सगळे जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसलो. एकानं उलगडायचं, एकानं १ च्या डोक्यावर काळ्या बॉलपेनानं आडवी रेघ द्यायची, एकानं पुन्हा गुंडाळून रबर लावायचं. आईनं रेघ द्यायला पट्टी घेतली होती. पाचशेपैकी एकाही घरातून चुकीच्या नंबराची तक्रार आली नाही. फुकट द्यायची वस्तू आहे, चालतंय की, असं त्या तीन रात्रींत घरात कुणी म्हटलं नाही. मला वाटतं, त्या कॅलेंडरची सगळी पत त्या रेघेत होती.

वाटायचेही नियम होते. मालाच्या पिशवीत कोंबून द्यायचं नाही, हातात द्यायचं. गिऱ्हाइकानं मागायच्या आत द्यायचं. शंभराच्या मालावर एक, पाचशेच्या मालावर दोन, असला हिशेब नाही. आणि ज्याची उधारी थकली आहे त्याला तर आधी द्यायचं. उधारी थकलेला माणूस दुकानावरून जायचं टाळतो, पलीकडच्या गल्लीतून जातो, आणि एकदा पाय तुटला की गिऱ्हाईकही जातं आणि पैसेही. म्हणून अशा घरी अण्णा कॅलेंडर पोचतं करत. न्यायला मी.

असंच एकदा एका गवंड्याच्या घरी गेले होते. मी सातवीत असेन. "अगं, दारात काय उभी, ये की आत," काकू म्हणाल्या. आत गेले तर भिंतीवर आमचंच गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मी ते पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या. फुली म्हणजे दुधाचा खाडा. एका ठिकाणी 'रॉकेल', एका ठिकाणी 'बाळूला ताप', एका ठिकाणी नुसताच गोल. आणि चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात उभी रेघ, म्हणजे काकांची कामावरची हजेरी. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, रेघांनी भरलेले. जूनची पहिली पाच-सहा घरं, आणि त्यानंतर एकही रेघ नाही. काका पालथ्या परातीशेजारी पाय लांब करून बसले होते. परांचीवरून पडले होते.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. त्यांनी काही न बोलता उधारीची वही उघडली आणि त्या खात्याचं पान माझ्यापुढे धरलं. थकबाकी जूनपासूनचीच होती. आमची वही आणि त्यांचं कॅलेंडर, दोन्हींचा ताळा जमला. पुढच्या वर्षी नव्या कॅलेंडरवर रेघा परत सुरू झाल्या आणि दसऱ्यापर्यंत खातं निल झालं.

जाहिरात म्हणून बघायचं तर हिशेब अगदी साधा आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात संध्याकाळी रद्दीत जाते. घरातली माणसं मिळून कॅलेंडरकडे दिवसातून दहा वेळा जरी बघत असली तरी वर्षाला ३,६५० वेळा दुकानाचं नाव डोळ्यांपुढून जातं, तेही तेल संपलं, साखर संपली हे जिथं कळतं नेमक्या त्या खोलीत. पण हा हिशेब फळाला येतो तो एकाच अटीवर: वस्तू घरात कामाची हवी. १९७३ साली जयंत साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि कॅलेंडर विकतही घेण्याजोगं असतं हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय, पानामागे वाचायला मजकूर. नुसतं चित्र आणि तारखा देणाऱ्यांचं त्यानंतर भागणार नव्हतं. अण्णांच्या कॅलेंडरवर पंचांगाच्या ओळी आल्या त्या याच धाकानं. कितीक व्यापाऱ्यांनी तर 'कालनिर्णय'च घाऊक घेऊन त्याखाली आपलं नाव छापून वाटायला सुरुवात केली. फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरलाही विकतच्याच्या तोडीचं व्हावं लागलं, हे मला फार चांगलं वाटतं.

बाजारात आता 'फ्री' हा शब्द जिकडेतिकडे आहे. चहाच्या पुड्यावर चमचा, धुण्याच्या पावडरीवर बादली, एका शर्टावर दुसरा. त्यातलं बरंचसं फुकट नसतंच. 'एकावर एक मोफत' यात दुसरी वस्तू मोफत नसून एकाच किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात, असं जीएसटीच्या मार्च २०१९च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे. आणि जी वस्तू किमतीत आधीच धरलेली आहे ती फुकट देत असल्याचा भास निर्माण करणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. उलट जो खरोखर फुकट देतो त्याला त्या वस्तूवर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही. पदरचा पैसा घालून दिलेली वस्तू कोणती आणि गिऱ्हाइकाच्याच खिशातून काढून त्यालाच परत दिलेली कोणती, हे सामान्य माणसालाही कळतं. चमच्यासाठी त्यानं चहा बदलला तर बादलीसाठी तो पुन्हा दुसरीकडे जाईल. कॅलेंडर घेतलेला माणूस मात्र डिसेंबरात परत येतो आणि विचारतो, "अण्णा, यंदाचं आलं का?"

बँकेची कॅलेंडरंही अशीच मागून घेतली जायची. चित्र साधं, तारखांचे चौकोन ऐसपैस. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं खात्यांना, सरकारी कंपन्यांना आणि सरकारी बँकांना कॅलेंडर-डायऱ्या छापू नका असा आदेश काढला. खर्च वाचला असेल, पण पेन्शनरांच्या हक्काची एक वस्तू गेली. आणि नगरसेवकांची कॅलेंडरं घरोघर येतात त्यांच्याविषयी एकच सांगते: चेहरा अर्ध्या कागदावर पसरला की तारखा बारीक होतात, आणि बारीक तारखांचं कॅलेंडर खिळ्यापर्यंत पोचत नाही.

अण्णा गेले. दुकान आता भाऊ बघतो. परवा त्याचा फोन आला होता. "ताई, या वर्षी कॅलेंडर बंद करावं म्हणतोय. तारीख सगळ्यांच्या मोबाइलवर असते. तेवढ्या पैशात व्हॉट्सअॅपवर ऑफर टाकता येतील." मी त्याला म्हटलं, एक दिवस सकाळी माल पोचवायला तू स्वतः जा आणि स्वयंपाकघरांच्या भिंती बघून ये. तो गेला. अकरा घरांपैकी आठ घरांत आपलं कॅलेंडर होतं. दुधाच्या फुल्या होत्या, सिलिंडर लावल्याची तारीख होती, एका घरी आजींच्या इन्शुलिनची वेळ लिहिलेली होती. त्यानं पाचशेची ऑर्डर दिली.

महाराष्ट्रात आज हजारो दुकानदार अशी ऑर्डर द्यायच्या तयारीत असतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. चित्र तुमच्या आवडीचं घ्या, नाव हवं तेवढं ठळक छापा, फोन नंबर छपाईआधी दोनदा तपासा, पण तारखेचा चौकोन मोठा ठेवा. त्यात लिहायला जागा लागते.