वेलांटीचा फराटा

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या लहानपणी लग्नघर लांबूनच कळायचं. मांडवाच्या तोंडाशी कापडी फलक आणि त्यावर पेंटरने हाताने काढलेली वधूवरांची नावं. आधी खडूच्या दोरीने दोन रेघा, मग चपटा ब्रश तिरका धरून अक्षरं, शेवटी वेलांटी. ती तो एका दमात ओढायचा, थेट पुढच्या अक्षरापर्यंत. हात वळला की रेघ आपोआप जाडाची बारीक व्हायची. नावात ‘श्री’ असला की पेंटर खुलायचा.

पत्रिकेत हा फराटा येत नसे. छापखान्यातला प्रत्येक खिळा आपल्या चौकटीत बंद. म्हणून हौशी माणसं नावांपुरती अक्षरं काढून घेऊन त्यांचा ब्लॉक करवत. नाटकांच्या जाहिरातींतही नाव हातानेच यायचं. अक्षररचनाकार कमल शेडगे नाटकागणिक अक्षरांचा स्वभाव बदलत. पेपरातली ती अक्षरं मी कापून ठेवत असे.

आता स्टेशनबाहेर फ्लेक्सच फ्लेक्स. वाढदिवस, दहीहंडी, श्रद्धांजली, सगळ्यांना तोच वळणदार फॉन्ट, अगदी पत्त्यालासुद्धा! मला याचं मनापासून वाईट वाटतं, पण इतकी सुंदर अक्षरं पूर्वी कधीच इतकी सहज मिळत नव्हती. मोडीची लय देवनागरीत आणणाऱ्या सुलेखनकार अच्युत पालवांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन श्मिट यांनी ‘यात्रा’ हा फॉन्ट केला. त्यात रोमन अक्षरांनीही देवनागरीच्या कलमाचा कोन घेतला आहे. आणि तो कुणालाही फुकट वापरता येतो.

सुलेखनी फॉन्ट दोन-चार शब्दांपुरताच शोभतो. बारीक आकारात त्याच्या नाजूक रेघा विरतात. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीची लहानमोठी रूपं दिलेली असतात. अक्षराच्या रुंदीप्रमाणे योग्य ते रूप बसलं की पेंटरच्या हाताची आठवण येते.

भाचीच्या पत्रिकेचं काम सध्या माझ्याकडे आहे. नावं तेवढी फराट्यात ठेवली आहेत. मुहूर्त, स्थळ आणि आग्रहाचं निमंत्रण ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये, ठळक आणि सुटसुटीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या आकारात.