बोर्डावरची फळी

बेंगळुरूला पोस्टिंग लागली की गावाकडचे म्हणतात, "मजा आहे बुवा, थंड हवा, फॅमिली स्टेशन." हवा थंड आहे खरी, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात इथला पाऊस छावणीतल्या जुन्या कौलारू इमारतींची चांगलीच झडती घेतो. आमच्या जवानांच्या वाचनखोलीची घेतलीच. वर मंगळुरी कौलं, खाली लाकडी तुळया, तुळयांना खालून ठोकलेलं जिप्सम बोर्ड आणि त्यावर चहा सांडल्यासारखा मोठा डाग.

रेझिंग डेला पंधरा दिवस उरले होते. हुकूम आला : जुनं बोर्ड काढू नका, त्यावरच पाईनच्या फळ्या मारा. मला ते पटलं. बोर्ड काढलं की वरची कित्येक वर्षांची धूळ आणि उंदरांची घरटी खाली येणार.

मदतीला मद्रास इंजिनियर ग्रुपचा एक हवालदार मिळाला. 1780 पासूनचा वारसा सांगणारी ही मंडळी. फौजेत त्यांना थंबी म्हणतात, जसं आम्हाला गणपत. हा थंबी हाडाचा सुतार, पेन्शनला तीन महिने बाकी. त्यानं आधी बोर्डाचा फुटलेला कोपरा पाहिला. आत पांढरा खडू, बाहेर कागद, म्हणजे जिप्सम. जुना करडा सिमेंटचा पत्रा निघाला असता तर त्यानं ड्रिल लावलंच नसतं. तसल्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

मग म्हणाला, "साब, पहले ऊपर पानी डालके देखेंगे." पाईपनं कौलांवर पाणी सोडलं. डागाच्या वर दोन कौलं तडकलेली होती. ती बदलून बोर्ड सुकायला पाच दिवस गेले. वरून रोज विचारणा व्हायची, फळी कधी चढणार? मी सांगायचो, "साहेब, ओल्यावर लाकूड चढवलं तर वर्षभरात कुजेल." त्या पाच दिवसांत फळ्याही खोलीतच पडून होत्या. तेही गरजेचंच. लाकूड त्या खोलीच्या हवेला सरावलं नाही तर नंतर फुगतं किंवा आकसतं.

खरं काम तुळया शोधण्याचं. खोली वीस फूट बाय पंधरा. दहा मिलिमीटर जाडीच्या पाईनचा हिशेब केला तर फळ्याच सुमारे एकशेचाळीस किलो. म्हणजे दोन धडधाकट जवान पोरांच्या डोक्यावर टांगल्यासारखे. जिप्सम स्वतःचं वजन कसंबसं धरतं, त्यात मारलेला स्क्रू कधीतरी निसटणारच. थंबीनं दोरीला लोहचुंबक बांधून छतावरून फिरवलं. जिथं जुन्या खिळ्याचं डोकं लागलं तिथं ते चिकटायचं. खिळ्यांची रांग म्हणजे तुळई. त्यावर सूत मारलं आणि तुळयांना आडव्या पंचवीस मिलिमीटरच्या पट्ट्या बसवल्या. स्क्रू पंचाहत्तरचे : पट्टी आणि साडेबाराचं बोर्ड ओलांडून निम्मा स्क्रू तुळईत गेला पाहिजे. पहिली पट्टी लागल्यावर थंबी तिला दोन्ही हातांनी लोंबकळला. मलाही लोंबकळायला लावलं. माझं वजन तेव्हा ब्याऐंशी!

पुढचं भराभर झालं. फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. खिळा जिभेतून तिरका मारायचा, म्हणजे पुढची फळी त्याला झाकते. भिंतीलगत चारी बाजूंनी बोटभर फट सोडली, पावसाळ्यात लाकडाला पसरायला. फट झाकायला बीडिंग. दिव्यांचे डबे फळीच्या पातळीपर्यंत खाली आणले.

रेझिंग डेच्या आदल्या रात्री अकराला काम संपलं. शेवटचं बीडिंग लावण्याआधी थंबीनं पेन्सिल काढली आणि जिथं बीडिंग बसणार होतं तिथंच भिंतीवर प्रत्येक तुळईचं अंतर लिहिलं. उद्या कुणाला पंखा टांगायचा झाला तर पुन्हा चुंबक फिरवावं लागू नये म्हणून. डिसेंबरात तो वेल्लोरकडच्या आपल्या गावी गेला. माझा दुसरा फोन त्याला गेला तो आमच्या सातारच्या घराच्या माळ्यासाठी.